सिलिंडर पोचवणाऱ्याचा गुडघा: उतरतानाच का दुखतो आणि काम चालू ठेवून काय करता येईल

दादा, तुमचं सगळं नीट वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते. वय ३६, ११ वर्षं घरगुती गॅसचे सिलिंडर पोचवताय, दिवसाला साधारण ३५, त्यातले २० तरी लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधे, बहुतेक दुसरा-तिसरा मजला. दिवाळीपासून उजवा गुडघा वाटीच्या आजूबाजूला दुखतो, चढताना कमी आणि उतरताना जास्त, टेम्पोत अर्धा तास बसून उठलं की पहिली चार पावलं लंगडत जातात, वाकवला की कटकट आवाज येतो. सूज नाही, अडकत नाही. एक्स-रे काढला तर एकाने "गॅप थोडा कमी झालाय" सांगितलं, दुसऱ्याने "वंगण संपलं" सांगितलं, मेडिकलमधून रोज एक दुखण्याची गोळी घेऊन काम रेटताय आणि घरी वहिनी म्हणतायत की हे काम सोडा. मी १७ वर्षं फिजिओथेरपी करतेय, ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत, माझ्याकडे पाण्याचे जार टाकणारे, सिलिंडरवाले, कुरिअरवाले, मार्केटमधले हमाल असे खूप लोक येतात, त्यामुळे तुमचा गुडघा न बघता पण बरंच सांगू शकते. तरी एकदा कुणीतरी हात लावून तपासायलाच पाहिजे, ते कुठे ते पुढे लिहिलंय.

आधी हे बघून घ्या. गुडघा अचानक अडकून सरळच होत नाही, पाय मुरगळल्यावर तासाभरात टम्म सुजला, चालताना एकदम दगा देऊन वाकतो, लाल-गरम होऊन ताप आलाय, रात्री झोपेत नुसता पडून असताना ठणकतो, पोटरी एका बाजूची सुजून दुखतेय, किंवा पडल्यावर चार पावलं पण टाकता येत नाहीत, यातलं काहीही असेल तर खालचं काही करू नका, सरळ हाडांच्या डॉक्टरकडे जा. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही नाही म्हणून पुढे लिहिते.

तुमचं वर्णन वाटीच्या दुखण्याचं आहे. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीत वर-खाली सरकते आणि तिच्या मागच्या बाजूला जी कूर्चा (हाडावरचं गुळगुळीत आवरण) असते ती शरीरातल्या सगळ्यात जाड कूर्चांपैकी एक आहे, म्हणजे निसर्गाने तिथे मार बसणार हे धरूनच बांधलंय. पाय सरळ असताना वाटीवर दाब जवळपास नसतोच, गुडघा जसा वाकेल तसा वाढतो. सपाट रस्त्यावर चालताना वाटीमागचा दाब शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतो, जिन्यावर तो शरीराच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतो, पूर्ण उकिडवं बसून उठताना वजनाच्या सात पटीपर्यंत जातो. आणि चढणं आणि उतरणं यात फरक असा की चढताना मांडीचा स्नायू आखडून तुम्हाला वर ढकलतो, उतरताना तोच स्नायू लांब होत होत ब्रेक लावतो, एका पायावर सगळं वजन घेऊन. तो स्नायू दमलेला असला की ब्रेक नीट लागत नाही आणि प्रत्येक पायरीला धप्प करून वजन वाटीवर येतं.

आता तुमचा हिशोब मांडूया, कारण मला वाटतं खरी गोष्ट यातच आहे. घरगुती सिलिंडरमधे गॅस १४.२ किलो, टाकी साधारण १५-१६ किलोची, म्हणजे भरलेला ३० किलोच्या आसपास. तुमचं वजन ६८ लिहिलंय. मजल्याला १८ पायऱ्या धरल्या, सरासरी अडीच मजले आणि २० बिल्डिंगा, म्हणजे दिवसाला ९०० पायऱ्या ९८ किलो घेऊन वर आणि ९०० पायऱ्या ८४ किलो घेऊन खाली. वर जाताना तुम्ही सावकाश जाता कारण ओझं जड आहे. खाली येताना रिकामं सिलिंडर हलकं वाटतं, पुढचा कस्टमर फोन करत असतो, खाली टेम्पोवाला हॉर्न मारतोय, म्हणून धडाधड उतरता. मी माझ्या पेशंटला जिना उतरायला सांगते तेव्हा जवळजवळ प्रत्येकजण असाच उतरतो. सगळे म्हणतात भरलेल्या सिलिंडरने गुडघा गेला, मला मात्र वाटतं गुडघा जातो तो रिकामं घेऊन पळत उतरण्याने.

"वंगण संपलं" हे ऐकून तुम्ही घाबरलाय ते समजतंय. पण दादा, सांध्यातलं पाणी गाडीच्या ऑइलसारखं एकदा भरून संपणारं नसतं, सांध्याचं आतलं अस्तर ते रोज तयार करत असतं आणि हालचालीनेच ते सगळीकडे पसरतं. एक्स-रेमधे गॅप थोडासा कमी झालेला तुमच्या वयात कष्टाचं काम करणाऱ्या बऱ्याच लोकांत दिसतो, ज्यांना काहीही दुखत नाही त्यांच्यातही दिसतो. कूर्चेला स्वतःच्या नसाच नसतात, दुखतं ते तिच्या खालचं हाड, आजूबाजूची चरबीची गादी, अस्तर, म्हणजे जे ओझ्याने चिडलंय ते, आणि चिडलेली गोष्ट शांत होते. आवाजाचं पण तसंच, कटकट होतेय पण त्या आवाजाबरोबर कळ येत नाही तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

मग काम बंद करून झोपून राहायचं का? नाही. मी नवीन असताना एका जारवाल्या मुलाला तीन आठवडे पूर्ण आराम सांगितला होता. दुखणं गेलं, तो खूश, मी पण खूश. कामावर गेला आणि पाचव्या दिवशी आधीपेक्षा जास्त दुखणं घेऊन परत आला, कारण तीन आठवड्यांत मांडी बारीक झाली होती आणि जार तेवढाच २० लिटरचा राहिला होता. त्याचा पगारही गेला आणि गुडघाही सुधारला नाही, ते मला अजून लागतं. तेव्हापासून मी पूर्ण आराम फक्त सूज असेल तरच सांगते, बाकी ओझं थोडं कमी करायचं आणि त्याच वेळी ताकद वाढवायची, दोन्ही एकत्र, एकटं कुठलंच पुरत नाही.

ओझं कमी करण्याचं आधी. पहिले दोन-तीन आठवडे मालकाशी किंवा जोडीदाराशी बोलून लिफ्टवाल्या आणि तळमजल्याच्या डिलिव्हऱ्या जास्त घ्या, २० ऐवजी १०-१२ जिने. पगार तोच राहावा म्हणून अदलाबदली करा, तो जिने घेईल तुम्ही लांबचे पत्ते घ्या, गोडाऊनमधला हिशोब घ्या, काहीही. हे जमलं तर अर्धं काम झालं.

उतरण्याची पद्धत बदला, हे आजपासून, याला पैसे लागत नाहीत. एक पायरी एक सेकंद. पूर्ण पाऊल पायरीवर, नुसता चवडा नाही. कमरेतून किंचित पुढे झुकून उतरा, ताठ उभं राहून उतरलं की वाटीवर जास्त येतं. गुडघा आत अंगठ्याकडे पडू देऊ नका, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. कठड्याला हात लावाच, लाज वाटून घेऊ नका, मार्केटमधले म्हातारे हमाल बघा, ट्रकच्या फळीवरून पोतं घेऊन उतरताना ते कधी घाई करत नाहीत, तरणे पळतात. ज्या दिवशी फार दुखतंय त्या दिवशी चढताना डावा पाय आधी आणि उतरताना दुखरा उजवा आधी खाली, लहान मूल उतरतं तसं दोन्ही पाय एका पायरीवर आणत. वेळ जास्त लागेल, एका बिल्डिंगला पाऊण मिनिट जास्त, २० बिल्डिंगांचे १५ मिनिटं झाली, तेवढी द्या.

सिलिंडर कुठल्या खांद्यावर हे कुणी विचारत नाही पण महत्त्वाचं आहे. बहुतेकांना वाटतं दुखऱ्या बाजूला ओझं नको, म्हणून उजवा गुडघा दुखतो तर डाव्या खांद्यावर घेतात. त्यात होतं असं की उजव्या पायावर उभे असताना ओझं लांब डावीकडे जातं, मग उजव्या कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूला ते तोलून धरायला जास्त कष्ट पडतात, तो दमला की कंबर डावीकडे झुकते आणि गुडघा आत पडतो. म्हणून काही दिवस दुखऱ्या बाजूच्याच खांद्यावर घेऊन बघा, कठडा डाव्या हाताला येत असेल तर तो पण धरता येतो. बऱ्याच जणांना लगेच फरक जाणवतो, नाही जाणवला तर आलटून-पालटून घ्या, पण ११ वर्षं एकाच खांद्यावर हे थांबवा, मान आणि कंबर पण वाचेल.

टेम्पोच्या फाळक्यावरून उडी मारायची नाही. रिकाम्या हाताने पण नाही. दिवसाला ३५ वेळा अडीच-तीन फुटांवरून कडक डांबरावर उडी म्हणजे गुडघ्यासाठी फार वाईट, आणि ही उडी सवयीने मारली जाते, गरज म्हणून नाही. मागे एक लोखंडी पायरी वेल्ड करून घ्या, नाहीतर लाकडी खोकं ठेवा, आधी खाली उतरा आणि मग सिलिंडर ओढून कडेला आणून खांद्यावर घ्या. स्वयंपाकघरात वॉशर बघायला, रेग्युलेटर लावायला तुम्ही उकिडवे बसता, तिथे एक गुडघा जमिनीवर टेकून बसा, डावा, खाली पायपुसणं दुमडून ठेवा. घरी पण महिनाभर उकिडवं बसणं टाळा. कमोड असेल तर तो वापरा, नसेल तर शेजारी भिंतीला धरायला कडी ठोकून घ्या. मांडी घालून जेवायला हरकत नाही, पण तासभर तसं बसू नका आणि उठताना हाताचा आधार घ्या.

आता ताकद. हा भाग लोक चार दिवस करतात आणि सोडतात, म्हणून मी मुद्दाम फक्त चार गोष्टी सांगते. भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली सरकायचं, खुर्चीत बसल्यासारखं पण पूर्ण खाली नाही, अर्ध्याच्या वरच थांबायचं, ३० सेकंद धरायचं, एक मिनिट थांबायचं, असं पाच वेळा. हळूहळू ४५ सेकंदांवर न्या. यात सांधा हलत नाही म्हणून चिडलेल्या गुडघ्याला हे सोसतं, आणि सकाळी टेम्पो भरायच्या आधी दोनदा केलं तर पहिले जिने सोपे जातात असं माझे बरेच पेशंट सांगतात. दुसरं, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलायची, १२ वेळा, तीन खेपा. तिसरं, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलायचा, किंचित मागच्या बाजूला, पुढे नाही, १२ वेळा तीन खेपा, हा तो कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू ज्याबद्दल वर लिहिलं. तुम्हाला वाटेल दुखतंय गुडघ्याला आणि ही बाई कुल्ल्याचं सांगतेय, पण २०१९ मधे अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांनी वाटीच्या दुखण्यासाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात गुडघा आणि कुल्ला दोन्हीचे व्यायाम एकत्र करा असंच आहे, आणि माझा अनुभव तोच. चौथं, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, पोटरीसाठी, १५ वेळा तीन खेपा.

दोन-तीन आठवड्यांनी खरं औषध सुरू करायचं, ते म्हणजे उतरण्याचाच सराव. आधी एका विटेवर उजव्या पायाने उभे राहा, कठडा धरून डावी टाच हळूहळू जमिनीला टेकवा, मोजून तीन सेकंद, आणि परत वर. ८ ते १० वेळा, तीन खेपा, एक दिवस आड. आठवड्यात तीन वेळा पुरे, रोज नको, कारण तुमचं कामच रोजचा व्यायाम आहे आणि स्नायूला भरून यायला वेळ लागतो. वीट सोपी झाली की दोन विटा, मग जिन्याची पायरी. सहा-सात आठवड्यांनी पाठीवरच्या सॅकमधे पाच किलो तांदूळ भरून तेच, मग दहा, मग पंधरा. पंधरा किलो घेऊन तुम्ही तीन सेकंदात हळू उतरू शकलात की रिकामं सिलिंडर घेऊन उतरणं गुडघ्याला नवीन राहत नाही. एकूण १२ आठवडे धरा. त्याच्या आधी बरं वाटायला लागेल आणि तुम्ही सोडून द्याल, तेव्हाच सोडू नका.

किती दुखलं तर चालेल? शून्य ते दहा मोजा. व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या सकाळइतकंच किंवा कमी असलं पाहिजे. सकाळी जास्त असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, विटा कमी करा किंवा खेपा कमी करा, बंद करू नका. हाच नियम कामाला पण लावा, कुठल्या दिवशी किती जिने झाले आणि दुसऱ्या सकाळी किती दुखलं हे मोबाइलवर लिहून ठेवा, दोन आठवड्यांत तुम्हालाच कळेल तुमचा आकडा किती आहे.

गोळ्यांबद्दल मला खूप काळजी वाटली. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या चार-पाच दिवस डॉक्टरने सांगून घेणं वेगळं आणि चार महिने रोज मेडिकलमधून घेणं वेगळं. तुम्ही सकाळी चहावर निघता, दुपारी दोनला जेवता, दिवसभर घाम आणि पाणी कमी, अशा अंगात या गोळ्या किडनीला आणि पोटाला जास्त त्रास देतात, बीपी पण वाढवतात. संडास काळी होतेय, पोटात जळजळ आहे, लघवी कमी झालीय, पायावर सूज येतेय, यातलं काही असेल तर आजच बंद करून डॉक्टरकडे जा. नसेल तरी एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते त्यातून कळतं) आणि बीपी तपासून घ्या. आणि पाकीट न देता कागदाच्या पुडीत बांधून कुणी गोळ्या देत असेल तर त्या घेऊच नका, त्यात स्टेरॉइड असू शकतं, त्याने जादूसारखं बरं वाटतं आणि हाडं, साखर सगळं बिघडतं. शिवाय गोळीने दुखणं दबलं की तुम्ही ३५ चे ४० सिलिंडर करता, गुडघा ओरडत असतो आणि तुम्हाला ऐकू येत नाही. त्यापेक्षा डायक्लोफेनॅकचं जेल वरून लावा, अंगात फार कमी जातं, ते पण डॉक्टरला विचारून.

तेल लावून मालिश करा, निर्गुडीचं असो की तिळाचं, वहिनींच्या हाताने बरं वाटतं ते खरं आहे, पण त्याने ताकद येत नाही. सकाळी आखडलं असेल तर गरम शेक, संध्याकाळी ठणकत असेल तर फडक्यात बर्फ १०-१५ मिनिटं. नी कॅप कामाच्या वेळेपुरती घाला, रात्री काढा. स्लिपर घालून जिने चढू-उतरू नका, मागे पट्टा असलेली सँडल किंवा ग्रिपचे बूट, पावसाळ्यात तर नक्कीच, ओल्या जिन्यावर पाय सटकू नये म्हणून माणूस सबंध पाय आखडून उतरतो आणि त्यानेच जून-जुलैमधे माझ्याकडे गर्दी वाढते. वंगणाचं इंजेक्शन सुचवत असतील तर तुमच्या वयात आणि या दुखण्यात त्यावर हजारो रुपये घालवू नका, आधी १२ आठवडे हे करा. (वजन जास्त असलेल्यांनी एवढं लक्षात ठेवा, एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलोचा भार कमी होतो. तुम्हाला याची गरज नाही, तुम्ही उलट दोन अंडी किंवा मूठभर चणे-शेंगदाणे वाढवा, स्नायू हवेत बनत नाही.)

मालकाकडे बोलायला संकोच वाटतो असं तुम्ही लिहिलंय. गॅस सिलिंडर नियम २०१६ मधेच आहे की सिलिंडर हलवताना शक्य तिथे ट्रॉली वापरावी आणि घसरवू-आपटू नये, म्हणजे ट्रॉली मागणं हे काही लाड मागणं नाही. जिना चढणारी तीन-तीन चाकांची ट्रॉली मिळते, रुंद सरळ जिन्यावर ती चालते, जुन्या चाळीच्या अरुंद लाकडी जिन्यावर नाही. गेटपासून लिफ्टपर्यंत तरी साधी दोन चाकी वापरा. एजन्सीत १० किंवा जास्त माणसं असतील आणि तुमचा पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर तुमचा ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) कापला गेला पाहिजे, पगाराच्या पावतीवर ०.७५ टक्के कपात दिसते का बघा. ते असेल तर तपासणी, औषधं आणि फिजिओथेरपी मोफत, आणि डॉक्टरने सुट्टी लिहून दिली तर अटी बसत असल्यास वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के पैसे मिळतात. कार्ड नसेल तर केईएम, सायन, नायर या मोठ्या पालिका हॉस्पिटलांच्या फिजिओ ओपीडीत जा, हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक उपचार आणि पुनर्वसनाची संस्था पण आहे. एकदा कुणीतरी तपासून तुमचं उतरणं बघू दे, मग घरी करता येईल.

वहिनींना सांगा की आज काम सोडण्याइतकं काही दिसत नाही. १२ आठवडे मनापासून करूनही उतरताना पाचच्या वर दुखत असेल किंवा सूज यायला लागली तर परत डॉक्टरांना दाखवा आणि तेव्हा टेम्पो चालवणं किंवा गोडाऊनचं काम मागायचा विचार करा, ५० वर्षांपर्यंत रोज ९०० पायऱ्या हे मी कुणालाच सांगणार नाही. लायसन्स नसेल तर ते मात्र आत्ताच काढून ठेवा.

सुट्टीच्या दिवशी सकाळी पहिलं काम, एका विटेवर उजव्या पायाने उभं राहून डावी टाच हळू टेकवा, दुखणं तीनच्या वर जाईपर्यंत किती वेळा जमतं ते मोजा. चार आलं तरी चालेल. तारीख घालून लिहून ठेवा, डाव्या पायाचं पण तसंच मोजा, आणि सहा आठवड्यांनी दोन्ही आकडे परत मोजून मला कळवा.